हुंकार आणि होकार

दिवाळी अंकात कामाचे अनुभव लिहिणारी माणसं बहुतेक निवृत्त झालेली असतात. त्यांच्या गाठीशी वर्षं असतात, एखादा सत्कार झालेला असतो. मी अजून विद्यार्थिनीच आहे आणि माझं काम म्हणजे शिकता शिकता केलेली अर्धवेळ नोकरी. त्यामुळे संपादक काकूंचा फोन आला तेव्हा मी नाही म्हटलं. म्हणजे मला नाही म्हणायचं होतं. प्रत्यक्षात त्या बोलत होत्या आणि मी मधूनमधून "हं... हो... हो ना..." करत होते. फोन ठेवल्यावर कळलं की त्यांनी माझ्यासाठी पानं राखून ठेवली आहेत. हे असं माझ्या बाबतीत व्हावं यात थोडी गंमत आहे. का, ते पुढे कळेल.

ओहायोतल्या एका विद्यापीठाच्या समाजकार्य विभागात एक लहानसं मदत केंद्र आहे. म्हाताऱ्या माणसांना कोणी फोनवरून, दारात येऊन किंवा घरातल्या घरात पैशाला फसवत असेल तर तिथे फोन करायचा. सल्ल्याचे पैसे पडत नाहीत. मी २००४ मध्ये एम.एस.डब्ल्यू. करायला इथे आले आणि फी माफ होते म्हणून या केंद्रात लागले. आता पीएच.डी. चालू आहे, पण टेबल तेच आहे आणि फोनही तोच.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. सेलूला वडलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. घरी फोन आला तेव्हा मी बरीच मोठी झाले होते. फोन आला की वडील उठून उभे राहायचे, पलीकडे साहेब बसला असल्यासारखे. मीही त्यांचीच मुलगी. फोनवर, तेही इंग्रजीत, तेही अनोळखी म्हाताऱ्यांशी बोलण्याची नोकरी आपल्याला मिळाली आहे, हे मला पहिले काही दिवस खरं वाटत नव्हतं. घंटी वाजली की मी पाणी प्यायला उठायचे.

केंद्र चालवणारी रूथ तेव्हा साठीला आलेली होती. समाजकार्यात येण्याआधी तिने टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून काम केलं होतं. माझं पाणी पिणं तिने पाहिलं. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर पाण्याची भरलेली बाटली ठेवलेली होती. मग उठायला कारणच उरलं नाही.

तिने मला कामाच्या दोन गोष्टी शिकवल्या. पहिली म्हणजे, फोन करणाऱ्याला आधी विचारायचं, "तुम्ही बसलायत ना?" उभं राहून बोलणारा माणूस घाईत असतो किंवा काहीतरी लपवत असतो. बसला की मग सांगतो. मला हे फार ओळखीचं वाटलं. आपल्याकडे दारात आलेल्या माणसाला आधी "बसा" म्हणतात, पाणी देतात, मग काम विचारतात. दुसरी गोष्ट अवघड होती. "पैसे का दिलेत?" असं कधीही विचारायचं नाही. "तो काय म्हणाला?" असं विचारायचं. 'का' विचारलं की माणूस स्वतःचा बचाव करत बसतो. 'काय म्हणाला' विचारलं की आपल्याला चोराचा आवाज ऐकू येतो.

चोराचा आवाज बहुतेक वेळा गोड असतो, हे मला इथे येऊन कळलं. बाहेरच्यांना वाटतं की म्हातारी माणसं हावरटपणामुळे फसतात. तसं फार कमी वेळा असतं. कोणाला फोन येतो की तुम्हाला परदेशातली लॉटरी लागली आहे, फक्त कर आधी भरा. कोणाच्या दारात ट्रक उभा राहतो. शेजारचं छप्पर दुरुस्त करताना सामान उरलंय, तुमचंही स्वस्तात करून देतो. सामान कधीच उरलेलं नसतं आणि शेजाऱ्यानेही छप्पर दुरुस्त करून घेतलेलं नसतं. एकदा फसलेल्या माणसाचं नाव आणि नंबर हे लोक एकमेकांना विकतात. मग कोणी नवा माणूस फोन करून म्हणतो, "तुमचे बुडालेले पैसे मी परत मिळवून देतो," आणि त्याचीही फी आधीच भरायची असते.

अर्ल नावाचे एक आजोबा होते. बायको गेलेली, शेत दुसऱ्याला कसायला दिलेलं. त्यांच्या बँकेतल्या मुलीने त्यांना आमचा नंबर दिला होता. ते दर थोड्या दिवसांनी लॉटरीवाल्याला पैसे पाठवायचे. मी त्यांना सगळं समजावलं. तेव्हा माझं इंग्रजी अडखळत असे, पण त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पोरी, ते चोर असतील हे मलाही कळतं गं."

मी रूथच्या शिकवणीप्रमाणे विचारलं, "तो काय म्हणतो तुम्हाला?"

"सकाळी फोन करतो. नाश्त्याला काय खाल्लं विचारतो."

"आणि?"

"आणि काय? मी सांगतो. काल टोस्ट जळला होता, तेही सांगितलं." मग त्यांनी विचारलं, "तुम्ही करणार का फोन सकाळी?"

आम्ही असे फोन करू शकत नव्हतो. केंद्रात दोनच माणसं आणि फोन ढीगभर. रूथने त्यांच्या गावातल्या चर्चमधल्या कोणाला तरी गाठून ती सोय करायचा प्रयत्न केला. काही दिवस चालली, मग थांबली. अर्ल आजोबांनी नंबर बदलला नाही. त्यांचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही, आणि या कामात असं पुष्कळदा होतं. कोणी तरी मध्येच फोन करायचा थांबतो. तो सुटला म्हणून की बुडाला म्हणून, ते कळत नाही. टोस्टरमधून जळका वास आला की मला आजही ते आठवतात.

फसवणुकीचा दुसरा प्रकार घरातला. मुलगा, भाची, शेजारीण, कोणीतरी 'मी बघते तुमचं बँकेचं' म्हणून हातात घेतं आणि परत देत नाही. पण यापेक्षाही मला गोंधळात टाकणारा प्रकार वेगळाच होता. मुलगा चांगला असतो, प्रेमाचा असतो, आई किंवा वडील एकदा फसले की घाबरून जातो आणि त्यांचं सगळंच काढून घेतो. चेकबुक, फोन, गाडीची किल्ली. रूथ म्हणायची, "चोर पैसे नेतो. घाबरलेली पोरं बाकीचं नेतात." तेव्हा मला वाटलं, ही जरा जास्तच बोलते. मग देवतळे काका भेटले.

गणपतीत इथल्या मराठी मंडळाचा कार्यक्रम एका शाळेच्या हॉलमध्ये होता. केंद्राची माहिती द्यायला मी तिथे एक टेबल मांडून बसले होते. कोणी फिरकत नव्हतं. एकाने विचारलं, "इन्शुरन्स का?" मी नाही म्हटल्यावर त्याला इतकं बरं वाटलं की तो मला एक मोदक देऊन गेला. आरती झाल्यावर ओहायोतल्याच डब्लिन गावाहून आलेल्या मानसीताई टेबलापाशी घुटमळल्या. त्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करायच्या.

"आमचं नाही हं, एका मैत्रिणीचं विचारते," त्या म्हणाल्या. "तिच्या सासऱ्यांच्या अकाउंटमधून पैसे जातायत. ते म्हणतात मी कुठेच सही केली नाही. पण चेक तर गेलेत. म्हणजे ते विसरत असतील का गं? डॉक्टरांना दाखवावं का?"

"मैत्रिणीला म्हणावं, एकदा फोन करा," मी म्हटलं.

मैत्रिणीचा फोन आला आणि आवाज मानसीताईंचाच होता. मी आधी 'तुम्ही बसलायत ना?' एवढंच विचारलं.

देवतळे काका म्हणजे मानसीताईंचे सासरे, नागपूरचे. कलेक्टर कचेरीत नोकरी करून निवृत्त झालेले. काकू गेल्यावर मुलाने, समीरदादाने, त्यांना कायमचं इकडे आणलं. प्लॉट विकून आलेले पैसे आणि ग्रॅच्युइटी घेऊन ते आले आणि आल्या आल्या त्यांनी एक हट्ट धरला की बँकेत स्वतःच्या एकट्याच्या नावाचं खातं हवं. का, तर ब्लडप्रेशरच्या गोळ्या, नातीला बाहुली, मंदिरातली दक्षिणा यासाठी मुलापुढे हात करायला नको. दिवसभर घरात ते एकटे असत. मुलगा, सून ऑफिसात, नात शाळेत. फोन वाजला की तेच घ्यायचे.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा ते इस्त्रीचा शर्ट घालून सोफ्यावर बसले होते. समीरदादा मुद्दाम घरी थांबला होता.

"बेटा, मी तुला एकच गोष्ट सांगतो," काका म्हणाले. "उभ्या नोकरीत मी वाचल्याशिवाय एका कागदावर सही केली नाही. साहेब ओरडायचे, पण मी वाचायचो. आता इथं येऊन करीन काय बाप्पा?"

"बाबा, तुम्ही विसरला असाल. इट्स ओके," समीरदादा म्हणाला. "माझं सिंपल म्हणणं आहे. अकाउंट मी टेकओव्हर करतो. तुम्हाला लागेल तेवढी कॅश मी देत जाईन. फोनसुद्धा खाली हॉलमध्ये नको, व्हॉइसमेलवर टाकू. टेन्शनच नको कसलं."

'मी देत जाईन' हे शब्द आले तेव्हा काकांनी शर्टाचं वरचं बटण चाचपून पाहिलं. मला वाटलं, पैसे गेल्याचं त्यांना जेवढं लागलं नाही तेवढं हे लागलं. खातं गेलं असतं तर त्यांच्या हातून गोळ्यांचे पैसे गेले नसते, ते समीरदादाने दिलेच असते. न मागता गोळी घेण्याचा मान गेला असता. आणि विसरभोळा म्हातारा हा शिक्का बसला असता, तो वेगळाच.

बँकेकडून त्या चेकच्या प्रती मागवल्या. त्या पाहून मी चक्रावलेच. चेक काकांच्या खात्याचे होते, पण काकांच्या चेकबुकातले नव्हते. पैसे घेणाऱ्या कंपनीने ते स्वतः छापले होते. सहीच्या जागी सही नव्हतीच. तिथे छापलं होतं की खातेदाराची परवानगी आहे, सहीची गरज नाही. रूथला याचं आश्चर्य वाटलं नाही. तिने मला सांगितलं की इथे कंपन्या खातेदाराची तोंडी परवानगी घेऊन असे चेक काढू शकतात, फक्त खाते क्रमांक आणि बँकेचा क्रमांक माहीत हवा.

"काका, तुम्ही कोणाला चेकवरचे नंबर वाचून दाखवले होते का?"

"हो," काका ताबडतोब म्हणाले. "औषधाच्या कार्डवाल्याचा फोन होता. औषधं स्वस्त मिळतील म्हणाला. तुम्हीच देवतळे ना, खात्री करतो, चेकच्या खालचे आकडे वाचा म्हणाला. वाचले. आकड्यांत काय असतं? आकडे तर पासबुकावरही छापलेले असतात. मी सही कुठं केली?"

मला त्यांच्या बोलण्यातली सरळ रेषा दिसली. आपल्याकडे बँकेत सही जपतात. सही जुळली नाही तर आपलेच पैसे आपल्याला मिळत नाहीत. काकांनी आयुष्यभर किल्ली सांभाळली होती, आणि इथे दार किल्लीने उघडतच नव्हतं.

समीरदादा हे ऐकून थोडा नरमला, पण पूर्ण नाही. "ठीक आहे, नंबर दिले. पण कंपनी म्हणते बाबांनी येस म्हटलंय. त्यांच्याकडे रेकॉर्डिंग आहे. मग बाबा खोटं बोलतायत की विसरलेत?"

"मी हो म्हटलं नाही," काका म्हणाले. "मी त्याला म्हटलं होतं, मुलाला विचारून सांगतो."

दोघंही खरं बोलत होते, हे मला तेव्हा कळलं नाही.

रूथने त्या कंपनीला परवानगीचा पुरावा मागितला. त्यांनी फार आनंदाने कॅसेट पाठवली. आम्ही दोघींनी ती केंद्रात लावली. एक तरुण माणूस भरभर बोलत होता, आणि मध्ये मध्ये काकांचा आवाज, "यस... यस यस... हं... यस." तो म्हणाला आपलं नाव अमुक, काका म्हणाले यस. तो म्हणाला आज हवा छान आहे, यस. तो म्हणाला दर महिन्याला तुमच्या खात्यातून रक्कम वळती करायला तुमची परवानगी आहे, यस यस. मग टेप संपली. 'मुलाला विचारून सांगतो' त्यात कुठेच नव्हतं. ते त्यांनी टेप थांबल्यावर म्हटलं असणार.

"वाईट आहे," रूथ म्हणाली. "स्पष्ट यस आहे."

तिचा कान इतका तयार, तरी तिला तो यस वाटला. मलाही काहीतरी खटकत होतं, पण ते काय, हे सांगता येत नव्हतं.

शनिवारी मी कॉलिंग कार्डवरून घरी फोन केला. वडलांना मी इथल्या थंडीचं सांगत होते, परीक्षेचं सांगत होते, आणि ते पलीकडून "हं... हां... हं..." करत होते. मध्येच एका वाक्यात ते गप्प राहिले तर मी घाबरून विचारलं, "बाबा, आहात ना? लाइन गेली का?"

आणि तिथेच मला ते कळलं. आपल्याकडे ऐकणारा गप्प बसत नाही. गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार द्यावा लागतो. नाही दिला तर सांगणाऱ्याला वाटतं, समोरचा झोपला, रागावला किंवा फोन कटला. 'हं' आणि 'हो' याचा अर्थ 'मला मान्य आहे' असा नसतो. 'मी इथे आहे, तू बोल' एवढाच असतो. काकांनी फक्त त्या हुंकाराचं इंग्रजी केलं होतं. हं, हो, हां, सगळ्याचं यस.

मला वडलांना एक विचारावंसं वाटलं. "बाबा, मी अमेरिकेला जाऊ का विचारलं होतं, तेव्हा तुम्ही चाकाचं पंक्चर काढता काढता 'हं' म्हणाला होतात. ते हो होतं, की नुसतं हं?"

पलीकडे शांतता. या वेळी मी लाइनची काळजी केली नाही.

"तेव्हा नुसतं हं होतं," वडील म्हणाले. "हो मी तुला विमानतळावर सोडून परत येताना म्हटलं. एस.टी.त. तू नव्हतीस."

सोमवारी मी रूथला हुंकार म्हणजे काय ते सांगितलं. तिने कॅसेट पुन्हा लावली. या वेळी तिने डोळे मिटून घेतले. "हवा छान आहे यालाही यस," ती म्हणाली. "तो खोकला, तिथेही यस." मग ती हसायला लागली. "मी इतकी वर्षं फोनवर बसले, आणि मला हे कोणी सांगितलं नाही." तिने बँकेला सविस्तर लिहिलं की ही परवानगी नाही, हे ऐकत असल्याचं चिन्ह आहे, आणि माणूस प्रत्येक वाक्याला, अगदी खोकल्यालाही तेच म्हणतो आहे. बँकेने चौकशी केली. अलीकडचे चेक परत फिरवले. आधीचे गेले ते गेले. जुनं खातं बंद करून नवं उघडायचं ठरलं.

रूथने काकांना फोनवर बोलायची एक सवय लावायला सांगितली. यस म्हणायचं नाही, 'मी ऐकतोय' म्हणायचं. काकांनी ते मनावर घेतलं आणि त्यात स्वतःची भर घातली. मी सरावासाठी केंद्रातून त्यांना फोन केला, तर करड्या आवाजात उत्तर आलं, "आय अ‍ॅम हिअरिंग. आय अ‍ॅम नॉट अ‍ॅग्रीइंग."

"काका, मी सुनीता."

"ठाऊक आहे गं. तरीही."

हे सगळं झालं, पण मूळ प्रश्न होता तिथेच होता. नवं खातं कोणाच्या नावावर? समीरदादा अजून म्हणत होता की माझ्या. रूथ म्हणाली, हा निर्णय आपण द्यायचा नाही, पण तो होताना तिथे असायला हरकत नाही. म्हणून एका दुपारी मी डब्लिनला गेले. मानसीताईंनी पोहे केले होते. समीरदादा घरून काम करत होता. जेवणाच्या टेबलावर त्याच्यासमोर लॅपटॉप उघडा होता, ऑफिसात काहीतरी अडलं होतं.

मी कॅसेटचं सगळं पुन्हा समजावून सांगितलं. तो म्हणाला, "हं, इंटरेस्टिंग. हुंकार. राइट." नजर स्क्रीनवर.

मग काकांनी बोलायला सुरुवात केली. कचेरीतल्या जुन्या आवाजात, सावकाश.

"समीर, मी काय म्हणतो, आमच्या सेक्शनमध्ये एक गुल्हाने म्हणून होते."

"हं, बाबा."

"फार हुशार माणूस. पण साहेब बोलायला लागले की त्यांचं लक्ष खिडकीबाहेर."

"हो, हो."

"तर मी असं ठरवलंय की नवं खातं माझ्या एकट्याच्या नावावर राहील."

"हं... राइट."

"फोन आहे तिथेच राहील."

"हो बाबा."

"आणि तुझी ती नवी गाडी उद्यापासून मी चालवीन. लायसन लागत नाही म्हणतात."

"हो, बरोबर आहे."

मानसीताईंचा पोह्याचा चमचा हवेतच राहिला आणि त्या फस्सकन हसल्या. समीरदादाने वर पाहिलं. "काय? कोणती गाडी?"

"टेप केलंस ना गं बेटा?" काकांनी मला गंभीरपणे विचारलं.

समीरदादाला उलगडायला क्षणभर लागला. मग त्याचे कान लाल झाले. "बाबा, दॅट्स नॉट फेअर. मी काम करत होतो. मी फक्त..."

"ऐकत होतास," काका म्हणाले. "ठाऊक आहे. घाबरू नको. मी कंपनी नाही. हा होकार मी धरत नाही." त्यांनी हात लांब करून लॅपटॉप हळूच मिटला. "आता नीट विचारतो. नीट ऐक आणि मग बोल. माझं खातं माझ्याकडे राहू देशील?"

समीरदादाने मिटलेल्या लॅपटॉपवर हात ठेवला. मला वाटलं, आता नाही म्हणणार. मी मध्ये बोलणार होते, पण निर्णय आपण द्यायचा नाही हे रूथचं म्हणणं आठवलं.

"बाबा, मला भीती वाटते," तो शेवटी म्हणाला. "मी दिवसभर तिकडे. तुम्ही इथे एकटे. कोण फोन करतं, काय बोलतं, मला काही कळत नाही. आणि आई असती तर..."

"मग तसं म्हणायचं," काका म्हणाले. आवाज खाली आला होता. "तुम्ही विसरलात, असं कशाला म्हणतोस? मला वाटलं, खरंच विसरलो की काय. रात्रभर नोकरीतली माणसं आठवत पडायचो. नावं येतात का बघायला."

हे मानसीताईंनाही माहीत नव्हतं. त्या उठून काकांच्या बाजूच्या खुर्चीत येऊन बसल्या.

"बँकेचं स्टेटमेंट आलं की दोघं मिळून बघू या," समीरदादा म्हणाला. "रविवारी चहाच्या वेळी. मी तुमचं बघतो, तुम्ही माझं बघा. माझं तर बघाच. मानसी म्हणते मी कशाला काय भरतोय ते मलाच माहीत नसतं."

"बघेन की. वाचल्याशिवाय सोडणार नाही," काका म्हणाले. "पण मी विचारलं ते राहिलंच."

"काय?"

"खातं."

"हो," समीरदादा म्हणाला.

काका त्याच्याकडे बघत राहिले. "कोणतं हो?"

समीरदादा हसला, आणि मग हसायचा थांबला. "होकार, बाबा. होकार."

काकांनी पोह्याची बशी पुढे ओढली.

"हं," ते म्हणाले.